पूलच्या टेबलावर पितळी टोकाची क्यू

स्नूकरच्या क्यूचं, म्हणजे बॉल मारायच्या काठीचं, टोक एकदा जवळून बघा. वर चामड्याची छोटी गोलसर टिप, खाली पितळेची अरुंद कडी आणि कडीला लागून अ‍ॅशचं लाकूड. टिपचा व्यास ९.५ मिलिमीटर, फार तर १०. पूलची क्यू शेजारी धरली की फरक लगेच डोळ्यांत भरतो. तिची टिप १२-१३ मिलिमीटरची, कडी पांढऱ्या फायबरची आणि लाकूड बहुतेक वेळा मेपलचं. लांबी मात्र दोघींची ५८ इंचांच्या आगेमागेच.

इंदुरात पूलची टेबलं भराभर वाढली, ती मुख्यतः जागेमुळे. स्नूकरचं टेबल १२ फूट बाय ६ फूट. चारही बाजूंना क्यू मागे खेचायला मोकळी जागा सोडायची तर खोली २२ बाय १६ फुटांची हवी. पलासिया किंवा विजयनगरच्या भाड्यात एका टेबलासाठी एवढी जागा अडकवणं पूल पार्लरवाल्याला झेपत नाही. पूलचं मोठं टेबल ९ बाय ४.५ फुटांचं, कॅफेतली तर त्याहून लहान. त्यामुळे मोठ्या टेबलावर हात बसलेली आमच्यासारखी माणसं आपली क्यू घेऊन पूलच्या टेबलाशी जातात, आणि कुणीतरी विचारतंच, "दीदी, ये तो स्नूकर की है ना? इससे पूल खेलोगे?"

हो, खेळते आणि मनापासून खेळते. एक फटका सोडला तर पूलमध्ये असं काही नाही की जे या क्यूने नीट होत नाही. पण ही क्यू हातात असली की पूल कसा खेळायचा हे थोडं नव्याने शिकावं लागतं, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पार्लरमध्ये दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतो, सब चलता है. दुसरा म्हणतो, टिप खराब हो जाएगी. दोन्ही मतं अर्ध्यावर थांबतात.

मी शिकले ती क्लबातल्या मार्करकाकांकडून. ज्यांनी क्लबातला मार्कर पाहिलेला नाही त्यांना सांगायला हवं, की गुण मांडणं हे त्याचं नावापुरतं काम. रंगीत बॉल उचलून जागेवर ठेवणं, कापडाला ब्रश मारणं, टिपा बदलणं, सभासदांची भांडणं मिटवणं आणि नवख्यांना शिकवणं, हे सगळं तोच करतो. आमचे काका रामबागेकडचे, इंदुरी मराठी बोलणारे, आणि शिकवण्याच्या बाबतीत अतिशय कडक. टेबलाभोवती मी एकटीच मुलगी असायचे. त्याचं त्यांना काहीच वाटत नसे, आणि तेवढ्यानेच माझं निम्मं काम झालं.

त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, बाण वर आले का बघा." अ‍ॅशच्या लाकडाचे तंतू ठळक असतात. सरळ फळी निमुळती तासली की दोन बाजूंना सरळ रेषा दिसतात आणि उरलेल्या दोन बाजूंना एकामागे एक टोकदार बाण. क्यू धरताना हे बाण दर वेळी वर आले पाहिजेत. मुठीकडच्या टोकाला एका बाजूने तासलेला सपाट भाग असतो, तो तळव्याला लागला की न बघताही कळतं की क्यू बरोबर धरली आहे. लाकूड दर वेळी त्याच बाजूने वाकावं आणि डोळ्यांना दर वेळी तेच चित्र दिसावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. पावसाळा संपला की काका फडक्यावर अळशीच्या तेलाचे चार थेंब घेऊन क्यू पुसायचे आणि मग कोरड्या कापडाने घासत बसायचे. लाकूड हाताला गुळगुळीत लागेपर्यंत त्यांचं समाधान होत नसे. पूलच्या क्यूवर बहुधा पक्कं पॉलिश असतं, तिला हे लाड लागत नाहीत.

स्नूकर आणि पूल ही दोन वेगळ्या गावांची माणसं आहेत असं आपण धरून चालतो. मुळात तसं नाही. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने स्नूकर सुरू केलं, ते तिथे आधीपासून चालणाऱ्या ब्लॅक पूल नावाच्या खेळात आणखी रंगीत बॉल घालून. पावसाळ्याचे दिवस, बाहेर चिखल, आणि आत टेबलाशी वेळ काढणारे अधिकारी. म्हणजे स्नूकर पूलच्याच घरातून निघालं, तेही आपल्या मध्य प्रदेशात. रात्री इंदूरला गाडीत बसलं की सकाळी जबलपूर. इतक्या जवळची गोष्ट, पण इंदुरात टेबलाशी उभ्या असलेल्या दहा पोरांना विचारा, आठ जण इंग्लंड म्हणतील. मला याची खरंच हळहळ वाटते. आमच्याकडे क्रिकेट म्हटलं की सी. के. नायडू आणि होळकरांचा संघ लगेच निघतो, तसं इथे व्हायला काय हरकत आहे? इंदूरच्या अमी कमानीने २०१६ मध्ये दोह्याला महिलांच्या जागतिक स्नूकर स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा इथल्याच यशवंत क्लबात झाली आणि पंकज अडवाणीने तिथे स्नूकरचं विजेतेपद घेतलं. या शहराचं या खेळाशी नातं आहे, ते पोरांना कुणीतरी सांगायला हवं.

आता टेबलाकडे येऊ.

स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, वजन १४० ग्रॅमच्या आसपास. पूलचा ५७ मिलिमीटरचा, वजन १६० ते १७० ग्रॅम. हा फरक हाताला पहिल्याच फटक्यात कळतो. पांढरा बॉल जरा जड लागतो, आणि समोरच्या बॉलवर आदळून मागे आणायचा असेल, म्हणजे स्क्रू मारायचा असेल, तर नेहमीच्या जोराने तो मध्येच थांबतो. इथे बहुतेक जण ताकद वाढवतात, आणि काम तिथेच बिघडतं. वाढवायची असते क्यूची चाल. टिप बॉलला लागल्यावरही क्यू आणखी पाच-सहा इंच सरळ पुढे जाऊ द्यायची, मूठ न आवळता. एवढं केलं की जड बॉलही गुमान मागे येतो. शिवाय पूलच्या कापडाला स्नूकरसारखी लव नसते, ते घट्ट विणलेलं आणि सपाट असतं. एकदा सुटलेला बॉल त्यावर लांब पळतो. एका हाताने घेतलेलं, टेबल दुसऱ्या हाताने परत करतं.

छोट्या टिपबद्दल एक समज सगळीकडे आहे, की तिच्यामुळे फिरकी जास्त मिळते. टिपला चॉक लावून फटका मारा आणि पांढऱ्या बॉलवर उमटलेला ठिपका बघा. टिप ९.५ मिलिमीटरची असो नाहीतर १३ ची, ठिपका जेमतेम ३ मिलिमीटरचा असतो. टिप गोलसर असल्याने बॉलला तिचा तेवढाच भाग लागतो. फिरकी किती मिळणार हे ठरतं तो ठिपका मध्यापासून किती दूर पडला यावर, आणि त्यालाही मर्यादा आहे. बॉलच्या त्रिज्येच्या निम्म्याच्या पुढे गेलात की टिप घसरते. पूलच्या बॉलवर ते अंतर साधारण १४ मिलिमीटर. मग छोट्या टिपचा फायदा कोणता? डोळ्याचा. ती बॉलचा कमी भाग झाकते, त्यामुळे आपण नक्की कुठे मारतोय ते दिसतं. हा फायदा मोठा आहे, पण तो बघणाऱ्यालाच मिळतो. अंदाजाने मारणाऱ्याला त्याच छोट्या टिपने चूक जास्त महागात पडते.

साइड मारताना आणखी एक गोष्ट घडते. बॉलला एका बाजूला मारलं की टिप किंचित बाहेर ढकलली जाते, आणि बॉल आपण ठरवलेल्या रेषेपासून जरासा उलट बाजूला सरकून निघतो. टोकाकडचा भाग जितका हलका, तितकं हे सरकणं कमी. निमुळती, बारीक क्यू इथे चांगली वागते, आणि पूलचा बॉल जड असल्याने तो आणखी कमी सरकतो. पूलवाल्यांनी कमी सरकणाऱ्या क्यू बनवताना टोक हलकं करण्याचाच मार्ग धरला. म्हणजे पितळी टोकाच्या क्यूने साइड मारता येत नाही हे म्हणणं खरं नाही. येते, आणि छान येते. अडचण निघते ती हाताच्या घडीत.

स्नूकरमध्ये डावा हात टेबलावर पसरून अंगठा आणि तर्जनीच्या खाचेतून क्यू सरकवतात. पूलमध्ये पुष्कळ जण तर्जनी क्यूवरून वळवून कडं करतात आणि क्यू त्यातून खेळवतात. स्नूकरच्या क्यूने हे कडं करून बघा. पूलच्या क्यूचा पुढचा बराचसा भाग एकाच जाडीचा असतो, म्हणून बोटाच्या कड्यातून तो सारखा सरकतो. स्नूकरची क्यू मात्र टोकापासून मुठीपर्यंत सतत जाड होत जाते. क्यू मागे घेताना कडं सैल पडतं, पुढे ढकलताना आवळतं, आणि नेमक्या फटक्याच्या क्षणी बोट क्यूला अडवतं. हे मी भल्याभल्यांच्या हातात पाहिलंय. मग दोष क्यूला दिला जातो. उघडा हातच ठेवावा. त्याने पूलमधले सगळे फटके होतात, अगदी जोराचा स्क्रूसुद्धा.

आता तो एक फटका, ब्रेक.

दोन्ही खेळांचा स्वभाव इथे उघड होतो. स्नूकरमध्ये पहिला फटका म्हणजे काळजी. पंधरा लाल बॉलांच्या त्रिकोणाच्या कडेच्या बॉलला हलकेच शिवायचं, आणि पांढरा बॉल तीन कुशन, म्हणजे टेबलाच्या रबरी कडा, फिरवून परत आपल्याकडच्या टोकाला, हिरव्या-पिवळ्या बॉलच्या मागे आणून ठेवायचा. समोरच्याला काही मिळू नये एवढाच हेतू. पूलमध्ये पहिला फटका म्हणजे हल्ला. त्रिकोणावर सगळा जीव टाकून मारायचं आणि बॉल उधळायचे. पंधरा बॉलांचं मिळून जवळपास अडीच किलो वजन, आणि ते फोडायला अख्खं शरीर क्यूच्या मागे येतं.

स्नूकरची क्यू या कामासाठी घडवलेलीच नसते. टिपचं चामडं मऊ, ते दाबून चपटं होतं आणि कडेने पितळेवर पसरतं. कडीच्या आत लाकूड बारीक असतं, तिथेच तडा जाण्याची भीती. सपना-संगीता टॉकीजजवळच्या एका पार्लरमध्ये एका मुलाच्या क्यूची टिप ब्रेकच्या फटक्याला उडून थेट शेजारच्या टेबलावर गेली. त्याने ती शोधून खिशात घातली आणि क्यूच्या टोकावरचं उघडं लाकूड बघत उभा राहिला. क्यू त्याच्या मोठ्या भावाची होती, त्यामुळे पुढचा अर्धा तास कुणालाच खेळावंसं वाटलं नाही. म्हणून माझा नियम सोपा आहे. ब्रेक पार्लरच्या भिंतीवरच्या क्यूने करायचा, आणि मग आपली हातात घ्यायची. पूलचे पट्टीचे खेळाडूही ब्रेकला वेगळी क्यू वापरतात, कडक टिपवाली. त्यात कमीपणा वाटायचं काहीच कारण नाही.

मोठ्या खेळाडूंनी ही वाट चालून दाखवली आहे. इंग्लंडची अ‍ॅलिसन फिशर स्नूकरची जगज्जेती होती. १९९५ मध्ये ती अमेरिकेला पूल खेळायला गेली आणि पुढे नाइन-बॉल या पूलच्या प्रकाराची जागतिक विजेतेपदंही तिने घेतली. तिचा खेळ पाहण्यासारखा आहे. हातात पूलची क्यू आली, पण वाकण्याची पद्धत, हनुवटी क्यूला टेकवून बघणं, फटक्याआधीचा तो थांबा, सगळं स्नूकरचं राहिलं. स्टीव्ह डेव्हिस सहा वेळा स्नूकरचा जगज्जेता, तोही युरोप-अमेरिकेच्या मॉस्कोनी कपात पूल खेळला, आणि २००२ मध्ये युरोपला जिंकून देणारा सामना त्याने अर्ल स्ट्रिकलँडविरुद्ध जिंकला. आणि चीनमध्ये तर एक मधलाच खेळ रुजला आहे. टेबल पूलएवढं, बॉल पूलचे, पण पॉकेटची, म्हणजे बॉल पडायच्या भोकांची, तोंडं स्नूकरसारखी गोलाकार आणि चिंचोळी. तिथे १०-११ मिलिमीटरच्या टिपची, स्नूकरच्या घडणीची क्यू सर्रास दिसते. छोट्या टिपने मोठा बॉल मारता येतो की नाही हा प्रश्न तिथे कुणी विचारतही नसेल.

माझा भाचा पूलवाला. कॉलेज सुटलं की पोह्यांच्या बशीवरून थेट टेबलाशी. त्याच्याबरोबर खेळायला लागले तेव्हा क्यूपेक्षा वेगळीच अडचण माझ्या लक्षात आली. स्नूकरच्या पॉकेटचं तोंड साडेतीन इंचांच्या आसपास आणि कडा गोलाकार. बॉल जरा जरी कडेला घासला तरी बाहेर फेकला जातो. पूलचं पॉकेट साडेचार इंच किंवा त्याहून रुंद. मोठ्या टेबलावरून आलेल्या माणसाला पूलचा पॉट, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालणं, सोपा वाटतो, आणि तो वाटतोही बरोबर. त्यामुळे आपण एकामागून एक सुंदर पॉट करतो आणि तरी हरतो. कारण पूलमध्ये प्रश्न असतो पुढच्या बॉलचा. टेबल लहान, बॉल दाटीने, आणि नाइन-बॉलमध्ये तर सगळ्यात लहान आकड्याच्या बॉललाच आधी शिवायचं बंधन. पांढरा बॉल दोन-दोन, तीन-तीन कुशन फिरवून नेमक्या जागी न्यावा लागतो. तिथे साइडला पर्याय नाही.

काकांनी साइड जपून वापरायला शिकवलेली. स्नूकरच्या लांबलचक टेबलावर साइडने मारलेला बॉल लवेवर वळत जातो, म्हणून मध्यावर मारा, वर-खाली मारा, अगदीच इलाज नसेल तर साइड. ती शिस्त लाखमोलाची होती, अजूनही आहे. पण ती पूलच्या टेबलावर जशीच्या तशी नेली की पांढरा बॉल सारखा आपलीच वाट अडवतो.

"आत्या, तू बॉल थांबवते का सारखी?" भाच्याने विचारलं. "त्याला चालू दे ना, कुशन आहे ना तिथे."

हे वाक्य मला अजून पुरतं. पितळी टोकाची क्यू घेऊन पूल खेळताना हातातली वस्तू तीच ठेवली तरी चालते, पण पांढऱ्या बॉलकडे बघण्याची नजर बदलावी लागते. मी स्टन मारून बॉल जागच्या जागी ठेवते, तो साइड देऊन फिरवत नेतो. त्याच्या पद्धतीत धोका जास्त आहे, कारण फिरणारा बॉल कुणाला ना कुणाला धडकतो. माझ्या पद्धतीत तीन-चार बॉल गेले की वाट संपते. मी त्याची वाट शिकते आहे. कुशनला बॉल लागल्यावर साइडमुळे कोन किती उघडतो याचा अंदाज हळूहळू येतोय, आणि छोट्या टिपमुळे किती साइड दिली हे मला त्याच्यापेक्षा स्पष्ट दिसतं. या एका बाबतीत माझी क्यू त्याच्या क्यूला वरचढ आहे असं मी त्याला ठासून सांगते.

तरुण मुलं विचारतात, मॅडम, नवीन स्टिक घ्यायची तर कोणती? पूलच खेळणार असाल, कडं करून खेळणार असाल, तर मेपलची पूलची क्यू घ्या, दुसरा विचार करू नका. पण घराजवळ एखादं मोठं टेबल शिल्लक असेल आणि दोन्ही खेळायची इच्छा असेल, तर अ‍ॅशचीच घ्या, टिप १० मिलिमीटरची ठेवा, ब्रेकला हात लावू नका. दोन वेगळ्या क्यूंवर दोन वेगळे हात तयार करायला रोजचे कित्येक तास लागतात, ते नोकरी-कॉलेज करणाऱ्याकडे नसतात. आणि पैसे उरलेच, तर ते टेबलाच्या तासांवर घाला.

भाच्याचं म्हणणं वेगळं आहे. त्याला वाटतं मी जाड टिपची क्यू महिनाभर वापरून बघावी, मग बोलावं. मागच्या खेपेला आम्ही अर्धं-अर्धं ठरवलं. एक फ्रेम, म्हणजे एक डाव, मी त्याच्या क्यूने खेळायची आणि एक तो माझ्या, टेबलाचे पैसे हरणारा देणार. त्याने हातात घेतल्याबरोबर क्यू फिरवून बाण वर आणले. मी सांगितलं नव्हतं. पहिला पॉट गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला त्याने सवयीने तर्जनीचं कडं केलं आणि क्यू अडली. "हात उघडा ठेव," मी म्हटलं. त्याने बोट काढलं, पुन्हा वाकला, आणि या वेळी फटका मारण्याआधी चांगला थांबला.